पायानं द्यायचा हुंकार

आज सकाळी जिन्यातून गव्हाच्या चिकाचा वास खाली उतरला. उतरला म्हणजे अगदी पायरीपायरीनं, एखाद्या वयस्कर बाईसारखा, कठड्याला धरून. आमच्या दाराशी जरा थांबला, मग आत आला, आणि माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

तिसऱ्या मजल्यावर नवीन सून आली आहे. तिनं मोबाइलवर बघून कुरडया घालायला काढल्यात. थोड्या वेळानं तीच खाली आली, कपाळाला चीक लागलेला, आणि विचारते, "काकू, व्हिडिओतली बाई म्हणते चीक ट्रान्सपरंट दिसला की गॅस बंद करा. पण तो दिसणार कधी?"

मी म्हटलं, "ढवळून ढवळून हात भरून आला आणि आता पुरे असं वाटलं, की तिथून पुढं आणखी तेवढंच."

आतल्या खोलीतून अक्कांचा आवाज आला, "आणि कबुतरांच्या मागं धावू नकोस म्हणावं."

ती बिचारी हसली. तिला वाटलं, म्हातारीनं विनोद केला. तिला काय ठाऊक, त्या एका वाक्यात आमचा अख्खा एक उन्हाळा बसलाय.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे यजमान गेले, मुलगा मिलिंद नोकरीच्या पायी हडपसरला राहायला गेला, तेव्हापासून त्या आमच्याकडेच कर्वेनगरात आहेत. मी, आमचे हे आणि अक्का. दुसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत बांधली तेव्हा सगळे तरुण होते, लिफ्ट कुणाला सुचलीच नाही. आता सगळे म्हातारे झालेत. लिफ्टसाठी सोसायटीची सभा दर वर्षी होते, चहा होतो, लिफ्ट होत नाही.

अक्कांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली. लोकांच्या अर्जातल्या उणिवा काढणं हे त्यांचं काम. त्या निवृत्त झाल्या, सवय काही निवृत्त झाली नाही. सकाळी नुसतं म्हणावं, "अक्का, आज उकडतंय," की विचारणार, "कशावरून?" मी आपली सातवी पास. पुढचं सगळं वाचन वाणसामानाच्या पुड्यांवर झालं. डाळ डब्यात ओतायची, कागद झटकायचा आणि वाचत बसायचं. त्या कागदांवर कुठलीच गोष्ट पुरी मिळायची नाही. राजकन्या विहिरीत डोकावते आणि नेमका तिथं कागद फाटलेला. पुढं काय झालं ते आपलं आपण ठरवायचं, नाहीतर पुढच्या महिन्याच्या तूरडाळीची वाट बघायची. हे म्हणतात, त्यामुळंच मला बोलायची सवय लागली. सवय आधीपासूनच होती, कागदावर उगाच खापर.

आमच्या सासरी कामाला गोष्ट लावायची पद्धत होती. कुरडयांचा दिवस असला की एकीनं सोऱ्या दाबायचा, दुसरीनं गोष्ट सांगायची. आणि ऐकणारीनं हुंकार द्यायचा, "हं." हुंकार आला नाही तर गोष्ट तिथंच थांबणार, हा नियम. घरात सांगणारी नेहमी मी. हुंकार अक्कांचा. तोही कचेरीतलाच, म्हणजे 'ठीक आहे, कागद पुढं पाठवा' अशा सुरातला. गोष्टीत काही न पटण्यासारखं आलं की हुंकार बंद. सोऱ्या तसाच हातात धरून विचारायच्या, "तू स्वतः पाहिलंस?"

त्या वर्षी फाल्गुन सरता सरता आम्ही दोघींनी गच्चीवर कुरडया घातल्या. ऊन असं कडकडीत, की प्लॅस्टिकवरच्या कुरडया दुपारपर्यंत मोगऱ्यासारख्या पांढऱ्या दिसायला लागल्या. मी पाणी प्यायला खाली आले तेवढ्यात कबुतरं उतरली. पुण्यातली कबुतरं, ती 'हुश' म्हटल्यानं उडत नाहीत, आधी तुम्ही कोण म्हणून बघतात. अक्का काठी घेऊन धावल्या. कबुतर उडालं, अक्का पडल्या. कुरडया शाबूत राहिल्या, खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून खाली नेताना मी रडत होते, आणि या मला सांगतायत, "सुमन, उलटून ठेव गं. एकाच बाजूनं वाळल्यात."

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण आता रोज चालल्या नाहीत तर पुढं चालता येणार नाही, पाय धरून बसतील. आम्हाला वाटलं, चालण्याची कसली काळजी, कबुतरामागं धावणारी बाई ही. पण अक्कांनी जमिनीला पाऊल लावायचंच सोडलं. भीती वाटते असं त्या म्हणणार नाहीत, जीव गेला तरी. त्या म्हणायच्या, "आता गरज काय? मला कुठं कचेरीत जायचंय?"

मिलिंद दर रविवारी यायचा. चांगला आहे पोरगा, आईवर जीव आहे. तो म्हणाला, "आई, माझ्याकडे चल. तिथं लिफ्ट आहे. व्हीलचेअर आणू, दिवसभराची बाई ठेवू. काकू, तुमचेही गुडघे गेलेत, तुम्ही किती करणार?"

त्याचं काही चुकत नव्हतं, तीच तर पंचाईत. असं ठरलं, की बुद्धपौर्णिमेपर्यंत बघायचं. तोवर अक्कांना जिना उतरता-चढता आला तर त्या इथं राहतील, नाहीतर त्यानंतरच्या रविवारी हडपसर.

अक्कांनी त्याला एवढंच विचारलं, "किती उंच आहे रे तुझं घर? काय दिसतं तिथून?"

"आई, सगळं दिसतं."

"सगळं दिसतं म्हणजे काहीच दिसत नाही."

आणि एका दुपारी त्यांनी मला कपाटातली पांढरी साडी काढायला लावली. दर बुद्धपौर्णिमेला त्या ती नेसून विहारात जायच्या, हातात खिरीचं पातेलं, मान ताठ. मला म्हणाल्या, "यंदा ही तू नेस. मला कुणी उचलून नेलेलं चालायचं नाही." मी साडीची घडी परत घातली. मला बोलायला काही सुचलं नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडे आहेत. हे म्हणतात, हा एकच.

व्यायाम घ्यायला केतकी नावाची मुलगी यायची. गोड, हसरी, पाठीवर पिशवी. "आजी, वन मोअर. कम ऑन. यू आर डूइंग सो वेल."

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला मराठी येत नाही का?"

"येतं की आजी, सॉरी. आणखी एक पाऊल टाका."

"हे मराठीत ऐकूनही टाकावंसं वाटत नाही."

केतकी जाताना दारात मला हळूच म्हणाली, "काकू, त्यांचा पाय ओके आहे. मन तयार नाहीये. त्यांना कशात इंटरेस्ट आहे?" मी म्हटलं, "उणिवा काढण्यात."

त्याच दिवशी मी भाजी आणून दमून बसले होते आणि सवयीनं सांगायला लागले, "अक्का, आज बसमध्ये काय झालं माहितीये?"

"हं," अक्का म्हणाल्या. अंथरुणावरून, भिंतीकडं तोंड करून, पण म्हणाल्या. मनात म्हटलं, सुमन, हीच वेळ आहे. वॉकर ओढून त्यांच्यापुढं ठेवला.

"अक्का, हुंकार तोंडानं नको. पायानं द्या. एक पाऊल, एक हुंकार."

"हा कुठला नियम?"

"आजपासूनचा."

"लेखी आहे का?"

"बसमध्ये," मी म्हटलं, "एक माणूस आरसा घेऊन चढला. लहानसहान नाही, लग्नात देतात त्या ड्रेसिंग टेबलाला असतो तसला उभा." आणि थांबले.

बाहेर भंगारवाला ओरडून गेला. मग पलंग करकरला. अक्का उठून बसल्या, वॉकर धरला, आणि एक पाऊल टाकलं. इतक्या रागानं टाकलं की खालच्या मजल्यावर कळलं असणार.

मग मी पुढं सांगितलं. आरसा चादरीत गुंडाळलेला होता. पाऊल. कात्रजच्या बसला ही गर्दी, कुणाचा तरी धक्का लागला आणि चादर घसरली. पाऊल. आणि अक्का, सगळी बस त्या आरशात. बायकांनी पदर सारखे केले. एका कॉलेजकुमारानं केस मागं घेतले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि मिशीवरून बोट फिरवलं. भांडणाऱ्या दोन बायका होत्या, सीटवरून चाललेलं, त्यांनी आपापली तोंडं बघितली आणि गप्प झाल्या. पाऊल, पाऊल. आणि मग बस वळली, रस्त्याकडेचा बहावा आरशात आला. झुंबरासारखा पिवळाधमक. खिडकीत एक, आरशात एक. सगळी बस पिवळी झाली. 

"आणि तो माणूस?" अक्कांनी विचारलं. त्या तेव्हा पलंगापासून थेट खिडकीपर्यंत आल्या होत्या आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"तो आरशाच्या मागं होता ना. सगळ्यांनी तोंड बघून घेतलं, त्याला एकट्याला काहीच दिसलं नाही. नुसता म्हणत होता, काय झालं, काय झालं?"

अक्का हसल्या नाहीत. पण खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "बहावा इतक्या लवकर?"

झालं. त्या दिवसापासून माझ्यामागं काम लागलं. रोज एक गोष्ट, तीही खरी, स्वतः पाहिलेली. कर्वेनगरात रोज काय घडणार हो? दूध येतं, कचऱ्याची गाडी येते, कुणाची तरी स्कूटर चालू होत नाही. पहिले दोन-चार दिवस मला वाटलं, संपला आपला साठा. आमच्या सोसायटीतली तरुण मंडळी साहस करायला पैसे भरून डोंगरात जातात, पाठीवर गाठोडं, कमरेला दोर. मी कापडी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायची. पण एक सांगते, सांगायला घरी कुणी वाट बघत असलं ना, की डोळ्यांना धार येते. तोच रस्ता, तीच मंडई, इतकी वर्षं मी तिथून नुसती जात होते. आता मी तिथं शिकारीला जायला लागले.

आंब्याच्या गाडीवर एक गृहस्थ प्रत्येक आंबा नाकाशी नेऊन, डोळे मिटून, जागेवर ठेवत होते. पेटी संपत आली. गाडीवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, सर्दी असेल तर उद्या या." एवढ्या वाक्यावर अक्का स्वयंपाकघरापर्यंत आल्या. इस्त्रीवाला तोंडात पाणी घेऊन फवारा मारायचा सोडून आता बाटलीनं मारतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या टेबलावर क्षणभर इंद्रधनुष्य उभं राहतं, शर्टाच्या कॉलरवर. त्याला विचारलं तर म्हणाला, "असतं रोज. इस्त्रीला काही करत नाही ते." यावर अक्का हॉलपर्यंत. एकदा मला पडसं झालं म्हणून यांनी सांगायचं ठरवलं. हे म्हणाले, "आज दुधाची पिशवी गळकी निघाली." आणि थांबले. अक्कांनी वाट बघितली. पुढं काही नाही.

"भावजी," अक्का म्हणाल्या, "ही गोष्ट नाही, तक्रार आहे."

मोक्याच्या जागी गोष्ट तोडायची कला मला पुड्यांच्या कागदांनी दिली होती, ती आता कामी आली. मी हॉलमध्ये तोडायची आणि पुढचं सांगायला दारात जाऊन उभी राहायची. अक्का दारापर्यंत यायच्या. पण तिथंच सगळं अडायचं. उंबऱ्यापलीकडं जिना दिसला की त्यांचा चेहरा बदलायचा, हात वॉकरवर घट्ट व्हायचे. मी कितीही रंगवून सांगितलं तरी हुंकार बंद. "राहू दे," म्हणायच्या, "उरलेली उद्या सांग." केतकीनं किती समजावलं, "आजी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, इतकं सिंपल आहे." अक्का म्हणाल्या, "तुझ्या वयाला."

चैत्र गेला. वैशाख लागला, पंखा गरम वारा फेकायला लागला. मिलिंदनं फोनवर सांगितलं, खोली रंगवून घेतोय, आईला फिकट पिवळा आवडतो ना? अक्कांनी 'आवडतो' म्हणून सांगितलं आणि फोन माझ्याकडं दिला. पांढरी साडी कपाटात होती, मी त्या कपाटाकडं बघायचं टाळत होते.

आणि मग दामल्यांचं हेल्मेट झालं.

दामले म्हणजे तळमजल्यावरचे. निवृत्त, सडे, आणि पाट्यांचे शौकीन. आमच्या इमारतीत जिथं मोकळी भिंत आहे तिथं दामल्यांची पाटी आहे. 'येथे थुंकणाऱ्यास पाहून घेतले जाईल.' 'जिन्यात गप्पा मारू नयेत. घरे दिलेली आहेत.' त्यांची एक जुनी स्कूटर आहे, ती ते रोज सकाळी पुसतात आणि दोन गल्ल्या पलीकडं पेपर आणायला तीवरूनच जातात. हेल्मेटची सक्ती येणार येणार म्हणून त्यांनी एकदा घेऊन ठेवलं आणि पट्ट्यानं उलटं स्कूटरच्या हँडलला टांगलं. डोक्यावर काही ते कधी चढलं नाही. मग काय, पुण्यात हेल्मेटाला कुणी हात लावत नाही हे पाखरांनाही कळलं असणार. दामले चार दिवस गावाला गेले होते, परत येऊन बघतात तर बुलबुलाच्या जोडीनं त्या हेल्मेटात घरटं बांधलेलं. काथ्या, वाळलं गवत, आणि वरच्या मजल्यांवरनं पडलेली केसांची गुंतवळ. आत गुलाबी, ठिपक्याठिपक्यांची अंडी. दामल्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मी भाजी घेऊन आले तेव्हा अंडी फुटून पिल्लं निघाली होती, आणि दामले स्कूटरसमोर खुर्ची टाकून राखण करत बसले होते. जवळ नवी पाटी. 'गाडी हलणार नाही. आत पिल्ले आहेत. पाहावे, बोलू नये.' खाली बारीक अक्षरात, 'हॉर्न वाजवणाऱ्याचे घर आम्हाला माहीत आहे.' दामल्यांनी मला हाताला धरून, अगदी हाताला धरून, बोटावर चालत हेल्मेटापाशी नेलं आणि कुजबुजले, "बहिणीकडं बसनं जातो हल्ली. पेपरला पायी. बरं असतं पायी."

गुडघे विसरून मी जिना चढले आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्या दारात वॉकर धरून उभ्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही."

"नाही काय?"

"बुलबुल हेल्मेटात, हे एक वेळ चालेल. पण दामले, आणि बसनं? दामल्यांनी तुझा हात धरला? सुमन, तू फाटक्या कागदाला घरचा तुकडा जोडतेयस."

"अहो अक्का, मी आत्ता स्वतः पाहून आले."

"भावजी, तुम्ही पाहिलंत?"

हे म्हणाले, "मी तिथनंच आलो, पण चष्मा नव्हता." इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला वेळेवर साक्ष दिल्याचं आठवत नाही.

मी मोबाइलवर फोटो काढला होता, तो दाखवला. अक्कांनी लांब धरून बघितला आणि परत दिला. "मोबाइलचं काय घेऊन बसलीस. मिलिंद त्यात हत्ती उडवून दाखवतो."

मला इतका राग आला म्हणून सांगू. आयुष्यभर मी गोष्टींना थोडी फोडणी दिली असेल, नाही म्हणत नाही. पण ही अशी गोष्ट, जिला मीठही लावायची गरज नाही, आणि हिच्यावरच अविश्वास. मी म्हटलं, "मग तुमचं तुम्ही बघा. मी आता एक अक्षर सांगणार नाही."

आत जाऊन भाजी निवडायला बसले. चाकवत होता, पानं जरा जोरातच खुडली. थोड्या वेळानं दारातून आवाज आला.

"भावजी."

"काय वहिनी?"

"स्थळपाहणी करावी लागेल."

मी चाकवत टाकून धावले. अक्कांनी वॉकर बाजूला सारला होता, एका हातानं कठडा धरला होता, दुसऱ्या हातानं यांचा खांदा. हे एक पायरी खाली उभे, दोन्ही हात पसरून, कबड्डीला उभे राहिल्यासारखे. अक्कांच्या कपाळावर घाम होता. खाली बघून त्यांनी विचारलं, "उतरताना कुठला पाय आधी सांगत होती ती पोरगी?"

"दुखरा," मी म्हटलं.

त्यांनी दुखरा पाय उचलला आणि पहिल्या पायरीवर ठेवला. कुणी काही सांगत नव्हतं, कुठली गोष्ट चालू नव्हती, तरी हुंकार पडला. मग दुसरा. प्रत्येक पायरीला त्या पुटपुटत होत्या, "दामले... बसनं... हात धरला म्हणे..." संशय ही काय ताकदीची गोष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं. भक्तीनं डोंगर हलतो म्हणतात. आमच्याकडं शंकेनं जिना उतरला.

खाली दामले खुर्चीवरून उठले. ओठांवर बोट ठेवलं. अक्कांनी आधी पाटी वाचली, वरपासून खालपर्यंत, उणीव सापडली नाही. मग वाकून हेल्मेटात बघितलं. आत तीन उघड्या चोची, बाकी अंगावर काही नाही, नुसती भूक. आणि अक्कांच्या तोंडून आपोआप निघालं, "हं." इतका लांब, इतका मऊ हुंकार मी माझ्या कुठल्याच गोष्टीला मिळवला नव्हता. थोडा हेवा वाटला.

दामल्यांनी खुर्ची पुढं केली. अक्का बसणार एवढ्यात ते कुजबुजले, "बसा, पण फार वेळ नको. ती बघा आई."

समोरच्या तारेवर बुलबुलीण चोचीत किडा धरून बसली होती. काळा तुरा, शेपटीखाली लाल. इकडून तिकडं मान फिरवत.

"आपण गेल्याशिवाय ती येणार नाही," दामले म्हणाले.

"मी आत्ताच आले. दोन मजले उतरून."

"दिसतंय. पण तिला ते कसं सांगायचं?"

अक्कांनी तारेकडं बघितलं, हेल्मेटाकडं बघितलं, मग जिन्याकडं. खुर्चीला त्यांचा स्पर्शही झाला नव्हता. "चला भावजी," म्हणाल्या, "पोरं उपाशी आहेत."

आणि चढायला लागल्या. चांगला पाय आधी. पहिल्या वळणावर भिंतीला सिमेंटची जाळी आहे, तिथं धाप लागून थांबल्या, जाळीला कपाळ टेकवलं. तिथून हेल्मेट दिसतं. आम्ही तिघं श्वास धरून. बुलबुलीण तारेवरून सुटली, हँडलवर उतरली आणि आत वाकली. अक्का जाळीतून तोंड न वळवता म्हणाल्या, "बसनं जातो म्हणाले ते खरं?"

"तुमच्यासमोरच होते, विचारायचं होतं."

"उद्या विचारीन."

हा 'उद्या' ऐकला आणि मी पदरानं तोंड पुसलं. उकडत होतं.

उद्या विचारलं, परवाही विचारलं. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी कपाटातून निघाली ती अक्कांच्याच अंगावर. विहारापर्यंत रिक्षानं गेल्या, पण रिक्षा फाटकाबाहेर होती आणि तिथवर त्या पायानं गेल्या. खिरीचं पातेलं मात्र यंदा माझ्या हातात. काठी आणि पातेलं दोन्ही धरायला हात कमी पडले, ही उणीव त्यांनी मान्य केली.

रविवारी मिलिंद आला, व्हीलचेअर गाडीच्या डिकीत घालून. फाटकात हॉर्न वाजवणार तोच समोर अक्का, ओठांवर बोट.

"आवाज करू नकोस. गाडी बाहेर लाव."

तो गाडीतून उतरला, आईकडं बघत राहिला. "आई, तू खाली कशी आलीस?"

"जिन्यानं."

पोरगा तिथंच स्कूटरजवळ उभा राहून डोळे पुसायला लागला. दामले म्हणाले, "रडायला हरकत नाही, पण थोडं तिकडं. सावली पडते घरट्यावर."

पिल्लं उडून गेली तेव्हा अक्का जिन्यातल्या जाळीपाशी होत्या. मी नेमकी मंडईत होते, मला दिसलं नाही. हडपसरच्या त्या फिकट पिवळ्या खोलीत अक्का दिवाळीला जाऊन आठ दिवस राहून आल्या. म्हणाल्या, रंग चांगला आहे, पण बाहेर बघितलं तर नुसता उजेड.

मधे काही वर्षं गेली. अक्का आता काठी घेऊन रोज खाली जातात, भाजी त्याच बघतात, भाजीवाल्याला 'कशावरून ताजी?' विचारतात. गुडघे आता माझेच जास्त कुरकुरतात. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय, मी उद्यापासून म्हणते.

आज त्या वरच्या सुनेला वाटेला लावून मी पुन्हा चहा केला, तोवर अक्का खाली चक्कर मारून आल्या. आल्या त्या दारातूनच बोलायला लागल्या. दामल्यांनी हेल्मेट धुऊन, वाळवून, परत उलटं टांगलंय. आत थोडा काथ्या स्वतःच घालून ठेवलाय. आणि नवी पाटी लावलीय: 'जागा रिकामी आहे. शांत कुटुंबास प्राधान्य.'

मी हसत होते. अक्का म्हणाल्या, "आणि तारेवर एक जोडी आलीय. बराच वेळ पाटीकडंच बघतायत. मग त्यातली ती हँडलवर उतरली, आत वाकली, आणि..."

थांबल्या. काठी कोपऱ्यात ठेवली नाही, हातातच.

"हं," मी म्हटलं.

अक्का गप्प.

"अहो अक्का, हं म्हटलं ना. पुढं काय झालं?"

"पुढचं खाली आहे," अक्का म्हणाल्या. "चप्पल घाल."